फेरे किती, त्याआधी भार किती

‘कंपनीने पट्टीवर 1800 फेरे कोरलेत, मग 1800 वर चालवायला भ्यायचं कशाला?’ असं म्हणणारे नाखवे कोकणच्या बंदरांवर भेटतात, तसेच ‘निम्म्या रेसवर ठेवा, इंजिन जन्मभर टिकेल’ असं बजावणारेही भेटतात. लांबच्या पल्ल्यासाठी हे दोन्ही सल्ले धोक्याचे आहेत.

पहिल्या पक्षात तथ्य आहे, पण ते सलग कामासाठी ठरवलेल्या इंजिनापुरतं. एकच इंजिन वेगवेगळ्या श्रेणींत विकलं जातं आणि श्रेणीगणिक मुभा बदलते. कमिन्सच्या ‘हाय आउटपुट’ श्रेणीत पूर्ण ताकद आठ तासांत एकच तास वापरायची असते. उरलेला वेळ कमाल फेऱ्यांपेक्षा किमान 200 फेरे खाली राहायचं असतं. पट्टीवरचा आकडा वाचायचा आणि श्रेणी वाचायची नाही, हा निव्वळ हलगर्जीपणा आहे.

शिवाय पूर्ण रेसने पदरात पडतं तरी काय? पंख्याला लागणारी ताकद साधारणपणे फेऱ्यांच्या घनाने वाढते. म्हणजे फेरे 10 टक्के उतरवले की ताकद सुमारे 27 टक्के कमी लागते; 20 टक्के उतरवले की जवळपास निम्मी. मुंबई ते रत्नागिरी सुमारे 120 सागरी मैल. नऊ नॉटने जाणारी बोट 10 टक्के कमी फेऱ्यांवर फार तर दीड तास उशिरा पोचेल आणि डिझेल सुमारे एक पंचमांश वाचेल. आजच्या डिझेलच्या भावात दीड तासाची ही घाई कोणत्या हिशेबात बसते?

आता दुसरा पक्ष. डिझेल इंजिन तासन् तास नुसतं रेंगाळत ठेवलं तर ते पुरेसं तापत नाही, डिझेल नीट जळत नाही, काजळी धरते आणि लायनर गुळगुळीत होऊन इंजिन ऑइल खाऊ लागतं. त्याहून मोठी चूक म्हणजे फेरे कमी म्हणून भारही कमी, असं धरून चालणं. जाळं ओढणारा ट्रॉलर 1400 फेऱ्यांवरही इंजिनाला पुरता राबवत असतो, कारण बोट हळू आणि पंख्याला पाण्याचा अडसर जास्त. वाजवीपेक्षा मोठा पंखा बसवला तरी तेच होतं. काटा निवांत दिसतो, पण धुराड्यातून काळा धूर येत असतो आणि आत व्हॉल्व्ह, पिस्टन भाजत असतात. इंजिन गेल्यावर दोष मात्र कंपनीला दिला जातो.

म्हणून माझं म्हणणं असं: भरल्या बोटीने मोकळ्या पाण्यात पूर्ण रेस दिली तर इंजिन पट्टीवरच्या फेऱ्यांपर्यंत पोचलंच पाहिजे. पोचत नसेल तर पंखा, तळ, डिझेलचा फिल्टर तपासा. तोवर कोणताही ‘सुरक्षित’ आकडा फसवाच. पोचत असेल तर त्याखाली 10 ते 20 टक्के उतरून लांबचा पल्ला गाठा, श्रेणीचा नियम याहून कडक असेल तर तो पाळा, आणि पाणी व ऑइलच्या काट्यांवर नजर ठेवा. हंगामाच्या मध्यावर तळाला शिंपले धरले की हीच चाचणी पुन्हा घ्यावी लागते, कारण ऑगस्टमधला आकडा जानेवारीत खरा राहत नाही.

31 जुलैला मासेमारीबंदी संपते. तांडेलांनो, यंदा बर्फ-डिझेल भरून पहिल्यांदा निघाल तेव्हा काही मिनिटं पूर्ण रेस द्या आणि किती फेरे मिळाले ते केबिनमध्ये लिहून ठेवा.