जुना कॉम्प्रेसर घेताना

आपले कितीतरी बांधव बँकेचे कर्ज काढून टॅक्सी चालवितात. एसी बंद पडला की नवा कॉम्प्रेसर परवडत नाही. मग कुर्ल्याच्या बाजारातून जुना आणतात. आणावा, त्यात कमीपणा नाही. पण पैसे मोजण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात, असे आमचे सांगणे आहे.

पुढची चकती हाताने फिरवावी. खरखर लागली तर तो तिथेच ठेवावा. मग तोंडावरचे बूच काढून थोडे तेल पांढऱ्या फडक्यावर ओतावे. तेल काळे असेल, त्यात चकाकणारा चुरा असेल, तर कॉम्प्रेसर आतून झिजला. दुकानदार कितीही गोड बोलो. हा चुरा कंडेन्सरच्या बारीक नळ्यांत बसतो, धुऊनही नीट निघत नाही. मग अख्खा एसी पुन्हा उघडा. (हप्ता काही थांबत नाही.) अशा गाडीचा कंडेन्सरही घेऊ नये.

ड्रायर आणि रबरी रिंगा मात्र नव्याच घ्याव्यात. उघडा पडलेला ड्रायर हवेतली ओल शोषून निकामी होतो.

तेल आणि गॅस आपल्या गाडीशी जुळतात का, हे पाहायला मेकॅनिक बरोबर न्यावा. दोघे-तिघे मिळून गेले तर त्याची अर्ध्या दिवसाची मजुरी वाटून पडते.