वेल्डिंग टिकते, चेसी फाटते



‘जीपच्या पाट्यांच्या ब्रॅकेटला जाड रॉडने चहूबाजूंनी वेल्डिंग मारा’, हा गेल्या अंकातील पत्रलेखकाचा सल्ला धारूरच्या घाटात चालणाऱ्या गाडीला महागात पडेल. खड्ड्यांत बोल्ट ढिले होतात, हे त्यांचे म्हणणे खरे. उपाय मात्र चुकीचा.

तीन मिलिमीटरच्या चेसीवर दहा मिलिमीटरचे ब्रॅकेट थेट जोडले, की हिसक्याला चेसी वाकते, ब्रॅकेट वाकत नाही. सगळा ताण वेल्डिंगच्या काठावर येतो. वेल्डिंग शाबूत राहते आणि शेजारचा तापून गेलेला पत्रा केसाएवढ्या भेगेपासून फाटत जातो.

रंग-गंज ग्राइंडरने काढून आधी चेसीच्याच जाडीची, ब्रॅकेटपेक्षा लांब, गोल कोपऱ्यांची पट्टी बसवावी, ब्रॅकेट तिच्यावर. चेसीच्या वरच्या-खालच्या कडांवर आडवे वेल्डिंग नको. अडीच मिलिमीटरचा रॉड, बेताचा करंट, तुकड्या-तुकड्याने काम. पाणी ओतून गार करू नये. बॅटरीची वायर आधीच काढावी.

शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर बंधने आहेत. म्हणून आधी आरटीओ, मग गॅरेज.

– एक वाचक, किल्ले धारूर, जि. बीड