कुटुंब आणि आरोग्य : प्रवासातली उलटी-जुलाबाची साथ आणि वेगळा पेला



अशोक विजयादशमीला नागपूरची दीक्षाभूमी आणि 6 डिसेंबरला दादरची चैत्यभूमी, हे दोन प्रवास आपल्या घरांत वर्षभर मनात असतात. मजुरीतून दहा-वीस रुपये बाजूला पडतात, पोरांचे कपडे धुऊन ठेवले जातात, भाकऱ्या बांधल्या जातात. वैजापूर तालुक्यातली माणसे कोणी रोटेगाव स्टेशनावर गाडी धरतात, कोणी वर्गणी काढून बस किंवा ट्रक करतात. आता समृद्धी महामार्गही तालुक्यातून गेला आहे. रस्ता बदलला, पण प्रवासातली एक खोड काही बदललेली नाही. घरून धडधाकट निघालेली माणसे परत येताना उलट्या-जुलाबाने आडवी होतात. आपण त्याला ‘पाणी बाधलं’ म्हणतो आणि विसरून जातो. आज त्याच विषयावर थोडे सविस्तर बोलू.

एका फेरीची गोष्ट सांगते. चैत्यभूमीला निघालेल्या आमच्या बसमधल्या एका भगिनीला पहिल्याच रात्री दोनदा उलटी झाली. तिने कोणाला सांगितले नाही. ‘गाडीतून उतरवतील, बाबासाहेबांना अभिवादन करायचं राहून जाईल’ ही तिची भीती. वेलदोडा तोंडात टाकून ती गप्प बसली आणि सकाळी सर्वांबरोबर भाकरी-पिठले वाढायलाही उठली. मनाने चांगलीच होती ती. पण परतीच्या वाटेवर बसमधली एकेक व्यक्ती पोट धरून बसू लागली. घरी आल्यावर दोन वर्षांच्या एका लेकराला सलाईन लावावे लागले. त्याच्या आईची आणि बापाची चार दिवसांची मजुरी बुडाली ती वेगळीच.

आजार एकाचा गावाचा कसा होतो?

अशा साथींमागे पुष्कळदा ‘नोरोव्हायरस’ नावाचा विषाणू असतो. अमेरिकेतील ओहायो राज्यात नॉरवॉक नावाचे गाव आहे. तिथल्या एका प्राथमिक शाळेत 1968 साली जवळपास निम्मी मुले आणि शिक्षक एकाएकी उलट्यांनी आजारी पडले. त्या साथीतल्या नमुन्यांतून 1972 साली डॉ. अल्बर्ट कापिकियन यांनी हा विषाणू सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला. गावाच्या नावावरूनच त्याला हे नाव मिळाले. हा काही फक्त परदेशातला पाहुणा नाही. केरळातील वायनाड जिल्ह्यात 2021 साली पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांमध्ये तो आढळला होता.

त्याचे वागणे समजून घेतले तर त्याला अडवता येते. अंगात शिरल्यावर साधारण बारा ते अठ्ठेचाळीस तासांत तो डोके वर काढतो. एकाएकी उलट्या, पाण्यासारखे जुलाब, पोटात कळा, कधी थोडा ताप. धडधाकट माणूस एक ते तीन दिवसांत बरा होतो. पण रोग्याच्या उलटीत आणि शौचात हे विषाणू कोट्यवधी असतात आणि दुसऱ्याला आजारी पाडायला त्यातले काही मोजकेच पुरतात. बरे वाटू लागल्यावरही दोन आठवडे किंवा त्याहून जास्त दिवस ते शौचावाटे बाहेर पडत राहतात. म्हणून ‘आता बरं वाटतंय’ म्हणत लगेच सर्वांचा स्वयंपाक करायला बसणे धोक्याचे.

जहाजावरून शिकण्यासारखे

श्रीमंत लोक समुद्रसफरीला जातात त्या मोठ्या प्रवासी जहाजांवर या रोगाची फार धास्ती असते. त्या जहाजांवर मुंबई, कोकण, गोव्याची कितीतरी पोरे भांडी घासण्यापासून स्वयंपाकापर्यंतची कामे करतात. हजारो माणसे एकाच छपराखाली, एकाच भटारखान्यातले जेवतात, तेच कठडे आणि त्याच कड्या हाताळतात. आपली बस, रेल्वेचा डबा, मैदानातला मंडप यांची गत तीच. फक्त आपल्याकडे गालिचा नसतो.

अमेरिकेच्या आरोग्य खात्याने अशा जहाजांसाठी 1970 च्या दशकातच तपासणीची पद्धत सुरू केली. तिचे तीन धडे आपल्यालाही फुकट घेता येतात. पहिला, आजारी माणसाने लगेच सांगायचे. दुसरा, स्वयंपाकात किंवा वाढण्यात असलेला माणूस आजारी पडला तर लक्षणे थांबल्यावरही अठ्ठेचाळीस तास त्याने अन्नाला हात लावायचा नाही. तिसरा, साथीची शंका आली की प्रत्येकाने आपल्या हाताने वाढून घ्यायचे नाही. हात धुतलेला एकच माणूस पळीने वाढेल.

जहाजावरही लोक आजार लपवतात. खोलीत बसवून ठेवतील, खर्च केलेली सफर फुकट जाईल, या भीतीने. आपल्या बसमधल्या भगिनीची भीती काही निराळी नव्हती. म्हणून सांगणाऱ्याला रागावू नका. जो सांगतो तो सगळ्या गाडीवर उपकार करतो. निघण्यापूर्वीच बसच्या प्रमुखाने मोठ्याने सांगावे, ‘कोणालाही त्रास झाला तर सांगा, आम्ही कोणाला वाटेत टाकणार नाही.’ एवढ्या एका वाक्याने निम्मे काम होते.

वेगळा पेला आणि विटाळ

आता एक नाजूक गोष्ट. त्याच फेरीत एका वयस्कर आजींनाही जुलाब लागले. मुलींनी त्यांच्यासाठी पेला वेगळा ठेवला. आजींच्या डोळ्यांत पाणी आले. म्हणाल्या, “मला येगळा गिलास कामून? हाटेलाच्या भाईर ठेवलेल्या कपात च्या पेलेली बाई हाये मी. आता आपल्याच माणसांत पुन्हा तेच का?”

त्या मुलींना काय उत्तर द्यावे ते सुचेना. त्यांनी पेला उचलून घेतला. आजींचे मन राखले गेले, पण आजार पुढे गेला.

बंधू-भगिनींनो, आजींचे दुःख खरे आहे. आपल्या समाजाने वेगळा पेला पिढ्यान्‌पिढ्या पाहिला आहे. पाण्यासाठी 1927 साली महाडच्या चवदार तळ्यावर जावे लागले ते त्याच अपमानामुळे. म्हणूनच दोन्हींतला फरक घरातल्या थोरांना आणि पोरांना नीट समजावून सांगितला पाहिजे. विटाळ माणसाला जन्मावरून लावला जात होता. तो धुऊन जात नव्हता, त्याला औषध नव्हते आणि त्याला पुरावाही नव्हता. विषाणू जात पाहत नाही, तो साबणाने धुतला जातो आणि काही दिवसांनी निघून जातो. विटाळात माणसाला दूर ठेवत. इथे आपण फक्त पेला वेगळा ठेवतो, माणसाला जवळच ठेवतो.

तेव्हा पेला वेगळा ठेवताना जवळ बसा, हातात हात घ्या, मग साबणाने हात धुवा. आजींना सांगा, ‘आजी, आज तुमचा पेला वेगळा आहे, उद्या मला झालं तर माझा वेगळा राहील.’ नियम सर्वांना सारखा असला की त्यात अपमान उरत नाही.

विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. पोटाच्या विकाराने आजारी पडलेला एक भिक्खू स्वतःच्याच घाणीत पडून होता आणि कोणी त्याची विचारपूस करत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, स्वतः पाणी ओतले, आनंदाने धुतले, आणि दोघांनी मिळून त्याला उचलून बिछान्यावर निजवले. नंतर भिक्खूंना सांगितले की माझी सेवा करायची असेल त्याने आजाऱ्याची सेवा करावी. रोग्याला टाकायचे नाही आणि घाण तशीच ठेवायची नाही, हे दोन्ही धडे या एकाच प्रसंगात आहेत.

हात, पाणी आणि अन्न

कोरोनाच्या काळापासून हाताला लावायच्या सॅनिटायझरच्या बाटल्या घरोघर आल्या. पण नोरोव्हायरसवर त्याचा फारसा उपयोग होत नाही. इथे साबण आणि वाहते पाणीच लागते. गाडीत साबण मिळेलच असे नाही, म्हणून साबणाची वडी डबीत घालून आणि हात धुण्यापुरती पाण्याची एक बाटली वेगळी घ्या. संडासाहून आल्यावर, लेकराचे धुतल्यावर आणि घास घेण्यापूर्वी वीस सेकंद चोळून हात धुवा. बोटांच्या बेचक्या आणि नखे विसरू नका.

पिण्याचे पाणी घरून उकळून न्या. खळखळून उकळी फुटल्यावर आणखी एक मिनिट उकळू द्या आणि झाकून थार होऊ द्या. पाणी काढायला ओगराळे वापरा, पिंपात हात किंवा पेला बुडवू नका. एकाच बाटलीला सर्वांनी तोंड लावू नये.

शिदोरीत कोरडे पदार्थ बरे : भाकरी, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, ठेचा, भाजलेले शेंगदाणे, चुरमुरे. दही-भात, कढी, ओली भाजी पहिल्याच जेवणात संपवा. फळ घ्यायचे तर केळी, संत्री अशी सोलून खायची घ्या. चिरून ठेवलेली फळे, बर्फाचे गोळे, बर्फ घातलेला रस टाळा. दीक्षाभूमीवर आणि चैत्यभूमीवर अन्नदान करणारी मंडळी मोठ्या श्रद्धेने राबतात. त्यांचे अन्न गरम असताना खावे. अन्नदान करणाऱ्यांनीही एक पथ्य पाळावे : ज्याचे पोट बिघडले आहे त्याने त्या दिवशी वाढण्याऐवजी रांग सांभाळावी. सेवा तीही आहेच.

गाडीत उलटी झाली तर

प्रत्येक कुटुंबाने चार प्लॅस्टिकच्या पिशव्या, जुनी वर्तमानपत्रे आणि हातमोज्यांचा एक जोड जवळ ठेवावा. उलटी झाली की आजूबाजूच्यांना थोडे दूर करा, कारण तिचे बारीक तुषार उडतात. जवळ उघडे असलेले अन्न टाकून द्या. हातमोजे घालून, तोंडाला रुमाल बांधून वर्तमानपत्राने उलटी टिपा, पिशवीत घालून गाठ मारा. नंतर ती जागा ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने पुसा. एक लिटर पाण्यात चहाचे दोन चमचे पावडर पुरे. दहा मिनिटे राहू द्या, मग साध्या पाण्याने पुसा. हे पाणी पिण्यासाठी नाही, त्यावर ठळक खूण करा. त्यात संडास धुण्याचे अ‍ॅसिड कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो.

आणि हे काम नेहमी घरातल्या थोरल्या लेकीच्याच गळ्यात का पडते? पुरुषांनीही हातमोजे चढवावेत. रेल्वेच्या सफाई कामगाराला बोलावले तर त्याला काय झाले आहे ते स्पष्ट सांगा. तोही कोणाचा तरी बाप आहे. उघड्या हाताने त्याला ते काढायला लावू नका.

जलसंजीवनी : गरिबाचे सलाईन

उलटी-जुलाबात माणूस दगावतो तो अंगातले पाणी आणि क्षार गेल्याने. बांगलादेश मुक्तियुद्धाच्या वेळी, 1971 साली, बंगालमधील बनगाव येथे निर्वासितांच्या छावणीत पटकी पसरली होती आणि सलाईन संपत आले होते. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पाजून असंख्य जीव वाचवले. डॉक्टर 2022 साली गेले. सरकारने 2023 साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण दिले. त्या पाण्यालाच आपण जलसंजीवनी किंवा ओआरएस म्हणतो. सरकारी दवाखान्यात आणि आशाताईंकडे त्याची पुडी मिळते.

मोठी पुडी एक लिटर उकळून थार केलेल्या पाण्यात पूर्ण घाला. पुडीवर पाण्याचे माप वाचा, कारण लहान पुड्याही मिळतात. चोवीस तासांनी उरलेले टाका. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ जास्त पडू देऊ नका. उलटी झाली तरी दहा मिनिटे थांबून चमच्या-चमच्याने पाजत राहा. अंगावरचे दूध बंद करू नका. मुलाला झिंकच्या गोळ्या दिल्या असतील तर जुलाब थांबले तरी चौदा दिवस पुऱ्या करा.

दुकानात ‘ओआरएस’ नावाची गोड पेये मिळत. त्यांत साखर फार असे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2025 च्या ऑक्टोबरमध्ये अशा पेयांना ते नाव लावायला मनाई केली. तेव्हा खोका पाहून भुलू नका, पुडीच मागा. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही. जुलाब बंद करणारी मोठ्यांची गोळी लेकरांना मुळीच देऊ नका. आणि घरात तान्हे असेल तर दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना रोटाव्हायरसची सरकारी लस चुकवू नका. लेकरांच्या जुलाबाचे ते एक मोठे कारण आहे.

लेकराने सहा-आठ तासांत लघवी केली नाही, डोळे खोल गेले, रडताना आसवे येत नाहीत, ते मलूल पडले, शौचात रक्त दिसले किंवा घोटभर पाणीही पोटात टिकत नसेल, तर घरगुती उपायांत वेळ दवडू नका. रस्त्यावर 108 ला, रेल्वेत 139 ला फोन करा. घरी असाल तर जवळच्या सरकारी रुग्णालयात न्या.

आता पुढच्या फेरीची यादी कराल तेव्हा पंचशील ध्वज, पांढरे कपडे आणि शिदोरीबरोबर साबणाची वडी आणि जलसंजीवनीच्या चार पुड्याही लिहा. आणि गाडी सुटण्यापूर्वी सर्वांना ते एक वाक्य सांगा : त्रास झाला तर सांगा, आम्ही वाटेत टाकणार नाही.

जयभीम!