बदली नाकारायचा हक्क फक्त बदली न झालेल्यालाच?

स्पष्टच बोलतो. १ डिसेंबर २०२६ ला मेजर लीग बेसबॉलचे मालक आणि खेळाडूंची संघटना यांच्यातला करार संपतोय. पगारावर कमाल मर्यादा आणायची भाषा मालकांच्या गोटातून आधीच सुरू झाली आहे. मागच्या वेळची टाळेबंदी ९९ दिवस चालली होती. या वेळी पुन्हा तसं झालं, की आपल्या मिनेसोटातल्या मराठी ग्रुपवर कुठलं वाक्य फिरणार हे मला आत्ताच ठाऊक आहे: "करोडपती विरुद्ध अब्जाधीश, आपल्याला काय त्याचं?"

हे म्हणणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ७० कोटी डॉलरवाला ओहतानी असतो. माझ्या डोळ्यांसमोर ऑलिव्हर ड्रेक असतो.

कोण ड्रेक? आपल्या ट्विन्सकडून खेळून गेलाय तो. तरी नाव आठवत नाहीये ना? मग पुढे वाचाच.

ड्रेक रिलीफ पिचर. म्हणजे सुरुवातीचा पिचर दमला किंवा धुलाई सुरू झाली, की मधूनच आणला जाणारा गडी. बहुतेक वेळा एखादी इनिंग टाकायची, आणि एकदा काढला की त्या सामन्यात परत यायचं नाही. जिंकलो तर फोटो दुसऱ्याचा, हरलो तर खापर याच्या डोक्यावर.

२००८ च्या ड्राफ्टमध्ये बाल्टिमोरने त्याला ४३ व्या फेरीत घेतलं. मेजर लीगमध्ये पहिला चेंडू टाकायला २०१५ उजाडलं. आणि २०१८ मध्ये काय झालं बघा: मिलवॉकी, क्लीव्हलंड, लॉस एंजेलिसचे एंजल्स, टोरांटो, मिनेसोटा. ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत पाच संघ! एका सीझनमध्ये पाच संघांकडून खेळलेला इतिहासातला हा पहिला माणूस. तेवढ्यावरही थांबलं नाही. त्या हिवाळ्यात टँपा बे, तिथून परत टोरांटो, आणि टोरांटोहून पुन्हा टँपा बे.

"खेळतच नसेल नीट" असं कुणीतरी म्हणेलच. अहो, निरुपयोगी माणसाला पाच संघ घेतील कशाला? तो उपयोगी होता म्हणूनच फिरवला गेला. संघाच्या यादीत जागा ४०. एखादा दुखापतीतून परतला की जागा हवी, मग कुणाला तरी काढा. ज्याला काढलं त्याचं काय करायचं हे संघाने सात दिवसांत ठरवायचं. दुसऱ्या संघाने त्याच्यावर दावा सांगितला की बॅग भरून निघायचं. नाही म्हणायची सोय नाही. घरभाडं, बायकोची नोकरी, मुलांची शाळा यातलं काहीही त्या हिशोबात नसतं.

आता खरी गंमत ऐका. बदली नाकारायचा हक्क या खेळात आहे. दहा वर्षं मेजर लीगमध्ये काढली आणि त्यातली शेवटची पाच सलग एकाच संघात काढली, तर तुमच्या मर्जीविरुद्ध तुमची अदलाबदल करता येत नाही.

पुन्हा वाचा. पाच वर्षं एकाच संघात! म्हणजे ज्याला कुणी हलवलं नाही, त्यालाच 'हलवू नका' म्हणायचा हक्क. ज्याला गावोगाव फिरवलं त्याला तो मिळणारच नाही, कारण त्याला फिरवलंय.

ऑक्टाव्हियो डोटेल घ्या. हाही रिलीफ पिचर. १५ सीझन, १३ संघ, तेव्हाचा विक्रम. कुठल्याही एका संघात त्याची पाच वर्षं पूर्ण झाली नाहीत. तो विक्रम २०१९ मध्ये १४ व्या संघाकडून खेळून मोडला एडविन जॅक्सनने, सुरुवातीचा आणि रिलीफ अशी दोन्ही कामं केलेला पिचर. २०११ च्या जुलैमध्ये हे दोघं एकाच सौद्यात सेंट लुईसला पोचले होते. त्या दिवशी शिकागोने जॅक्सनला टोरांटोला दिलं आणि टोरांटोने त्याच दिवशी पुढे ढकललं. बाजार समितीत कांद्याची गोणीसुद्धा एका दिवसात दोनदा हात बदलत नसेल!

हा हक्क आभाळातून पडलेला नाही. १९६९ मध्ये सेंट लुईसने कर्ट फ्लडला फिलाडेल्फियाला देऊन टाकलं. बारा वर्षं खेळलेला माणूस म्हणाला, मी विकायची वस्तू नाही. सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, १९७२ मध्ये ५-३ ने हरला. करिअर संपलं. पण १९७३ च्या करारात हा दहा-पाचचा नियम आला. एकाने किंमत मोजली, म्हणून हक्क मिळाला. फक्त तो शेवटच्या माणसापर्यंत कधी पोचलाच नाही.

आता पैशाचं. हो, २०२६ चा किमान पगार ७,८०,००० डॉलर आहे. तो पूर्ण सीझन यादीत राहिलात तर! दिवसावर मोजतात, रोजचे साधारण चार हजार. खाली पाठवलं की ते थांबतं. आणि खालची परिस्थिती? २०२२ पर्यंत सर्वांत वरच्या मायनर लीगमध्ये किमान पगार होता वर्षाला १७,५०० डॉलर. वर्षाला हां, महिन्याला नाही! २०१८ मध्ये काँग्रेसने २,२३२ पानांच्या खर्चाच्या विधेयकात गुपचूप कलम घालून या पोरांना ओव्हरटाइमच्या कायद्यातून बाहेर काढलं. कायद्याला नाव काय दिलं? 'अमेरिकेचा छंद वाचवा'. पुढे गॅरेट ब्रॉशिअस नावाचा एक माजी मायनर लीग पिचर वकील झाला, दावा लढला, २०२२ मध्ये १८.५ कोटी डॉलरची तडजोड झाली. त्याच वर्षी संघटना झाली आणि २०२३ मध्ये १७,५०० चे ३५,८०० झाले. मालकांना पाझर फुटला म्हणून नाही, पोरं एकत्र आली म्हणून.

एक प्रामाणिक आक्षेप आहे, तो मान्य करतो. ही दावा सांगायची पद्धत नसती तर ड्रेक एकाच संघाच्या मायनर लीगमध्ये कुजला असता. बरोबर. संधी मिळते. पण संधीसोबत थोडा शब्दही मिळाला तर खेळ बुडतो का? माझं म्हणणं एवढंच: एका सीझनमध्ये दोनदा हलवलं, की तिसऱ्या वेळी खेळाडूला होकार-नकाराचा हक्क द्या. आणि 'एकाच संघात पाच वर्षं' ही अट काढा, दहा वर्षंच पुरे. संघटनेनेही फक्त ओहतानीच्या उंचीवरून वाटाघाटी करू नयेत.

आपल्यातले कितीतरी जण व्हेंडरच्या नावावर आणि क्लायंटच्या ऑफिसात काम करतात. प्रोजेक्ट संपला की बेंच, मग दुसरं राज्य, दुसरी शाळा, दुसरं भाडं. त्यांनी तरी "करोडपतींचं भांडण" म्हणू नये.

डिसेंबरमध्ये बाजू घ्यायची वेळ आली तर विचारा, पाच संघ फिरलेल्या माणसाला या करारात काय मिळतंय? पटत नसेल तर खाली लिहा, पण मुद्द्याने.