यंत्र थांबल्यानंतरचा धोका

चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ रोजी देशभर लागू झाल्या आणि त्यानंतर अवघ्या बारा दिवसांनी भोपाळ वायुकांडाला एक्केचाळीस वर्षे पूर्ण झाली. संहितांविषयीची चर्चा प्रामुख्याने वेतन, ग्रॅच्युइटी आणि संपाची पूर्वसूचना यांभोवती फिरत राहिली. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाच्या स्थितीविषयीची संहिता मात्र मागे पडली. वास्तविक भोपाळचा धडा याच संहितेला सर्वाधिक लागू पडतो आणि तो केवळ रासायनिक कारखान्यांपुरता नाही. गोव्यातील कोणत्याही बांधकामावर गिलाव्याचे यंत्र धुणाऱ्या मजुरापर्यंत तो पोहोचतो.

भोपाळ म्हटले की विषारी वायू, पळणारी माणसे आणि न मिळालेला न्याय आठवतो. त्या रात्रीची सुरुवात कशाने झाली, हे सहसा आठवले जात नाही. २ डिसेंबर १९८४ रोजी रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यात मिथिल आयसोसायनेटचे उत्पादन चालू नव्हते. चालू होती ती नळ्यांची धुलाई. तुंबलेल्या नळ्यांत पाणी सोडण्यापूर्वी ते पुढे जाऊ नये म्हणून जोडाच्या ठिकाणी धातूची आंधळी चकती बसवावी लागते. ती बसविलेली नव्हती. ती बसविणे हे धुणाऱ्याचे नव्हे, देखभाल विभागाचे काम होते आणि त्या पाळीच्या देखभाल पर्यवेक्षकाचे पद काही दिवसांपूर्वीच रद्द झाले होते. पाणी ६१० क्रमांकाच्या टाकीत शिरले. त्या टाकीत सुमारे चाळीस टन मिथिल आयसोसायनेट होते.

पाणी नेमके कोणत्या मार्गाने शिरले, याविषयी वाद आहे. धुलाईचे स्पष्टीकरण कंपनीने कधीच मान्य केले नाही. हा घातपात होता, अशी तिची भूमिका राहिली. परंतु पाणी कोठूनही आले असो, त्यानंतर जे अडथळे उभे असायला हवे होते त्यांतील एकही उभा नव्हता. टाकी थंड ठेवणारी शीतयंत्रणा काही महिने बंद होती. वायू जाळून टाकणाऱ्या मनोऱ्याकडे जाणारी नळी दुरुस्तीसाठी काढून ठेवलेली होती. वायू शोषणारी यंत्रणा कामाच्या स्थितीत नव्हती. पाण्याचे फवारे वायू जेथून बाहेर पडत होता त्या उंचीपर्यंत पोहोचलेच नाहीत. उत्पादन थांबले की देखभालीवर खर्च कशाला, हा हिशेब त्यामागे होता. डिसेंबर १९८१ मध्ये याच कारखान्यात देखभालीचे काम करताना एक कामगार फॉस्जीन वायूने दगावला होता आणि १९८२ मध्ये पत्रकार राजकुमार केसवानी यांनी शहराला जाहीर इशारा दिला होता. दोन्हींकडे दुर्लक्ष झाले. कारखान्याच्या आवारातील ३३७ टन विषारी कचरा पीथमपूरला हलविण्यासाठी जानेवारी २०२५ उजाडावा लागला.

यंत्र चालू असताना त्यावर सर्वांचे लक्ष असते. ते बंद होते, झाकण उघडते, जोड सुटतात आणि एरवी जेथे हात जात नाही तेथे हात जातो, तेव्हा मात्र देखरेख करणारा निघून गेलेला असतो. गोव्यालाही याचा अनुभव आहे. डिसेंबर २०२२ मध्ये झुआरीनगरच्या खत कारखान्यात टाकीच्या देखभालीचे काम सुरू असताना तीन कामगार मृत्युमुखी पडले.

आता बांधकामाकडे पाहावे. थापी आणि रंधा घेऊन भिंत सारखी करणारा कुशल गवंडी मिळेनासा झाल्यापासून मोठ्या प्रकल्पांवर गिलाव्याचे यंत्र आले. हौदात माल ओतायचा, रबरी कवचात फिरणाऱ्या पोलादी पिळ्याने तो नळीत ढकलायचा आणि टोकाशी कॉम्प्रेसरच्या हवेने भिंतीवर फवारायचा, अशी त्याची सर्वसाधारण रचना. काम झपाट्याने होते, हे खरेच. पण हे यंत्र माल घट्ट होण्याच्या आत धुवावेच लागते. जिप्समचा माल तर थोड्याच वेळात दगड होतो. त्यामुळे जेवणाची सुट्टी लांबली, वीज गेली किंवा माल वर पोहोचला नाही की नळी तुंबते आणि खरा धोका तेथूनच सुरू होतो.

तुंबलेल्या नळीत दाब साचलेला असतो. पंप उलटा फिरवून दाब उतरवावा, दाबमापकाचा काटा शून्यावर आल्याची खात्री करावी आणि मगच जोड सोडवावा, हा नियम. घाईत नळीवर हातोडी ठोकली जाते, जोड तसाच उघडला जातो आणि माल गोळीसारखा चेहऱ्यावर येतो. सिमेंट आणि चुना डोळ्यांना जाळतात. दृष्टी कायमची जाऊ शकते. तुंबारा हवेच्या जोराने उडवून देण्याची युक्ती त्याहून वाईट, कारण मोकळी झालेली नळी चाबकासारखी फिरते. हौदात अडकलेला खडा काढण्यासाठी जाळी उचलून हात घातला आणि कोणी वरून कळ दाबली, तर बोटे जातात. म्हणून केवळ कळ बंद करणे पुरेसे नाही; वीजजोड काढून प्लग धुणाऱ्याच्याच ताब्यात राहायला हवा. ओल्या जमिनीवर पाण्याचा पाइप घेऊन उभ्या असलेल्या माणसाला अर्थिंग आणि गळती होताच वीज तोडणारे उपकरण यांचाच आधार असतो. त्यातही पावसाळा चार महिने चालणाऱ्या प्रदेशात ही खबरदारी ऐच्छिक मानता येत नाही.

हे सारे यंत्रासोबतच्या पुस्तिकेत लिहिलेले असते. पुस्तिका बहुधा इंग्रजीत असते आणि यंत्र धुणारा माणूस झारखंड, ओडिशा किंवा उत्तर कर्नाटकातून आलेला, बहुधा संघातला सर्वांत नवखा असतो. गिलाव्याची मजुरी चौरस फुटावर ठरत असेल, तर संध्याकाळचा धुण्याचा अर्धा तास कोणत्याच हिशेबात बसत नाही. मुकादमाला तो वाया गेलेला वेळ वाटतो, मजुराला फुकटचे काम. चकती बसविणारा माणूस भोपाळमध्ये पाळीतून नाहीसा झाला तो याच प्रकारच्या हिशेबाने.

नवी संहिता येथे किती उपयोगी पडेल? तिने तेरा कायदे एकत्र केले. बांधकामावर सुरक्षा अधिकारी नेमण्याची मर्यादा ५०० कामगारांवरून २५० वर आणली, ही सुधारणा मान्य केली पाहिजे. पण तीस-चाळीस मजुरांच्या बांधकामाला ही तरतूद अद्यापही स्पर्श करीत नाही. दुसरीकडे, वीज वापरणाऱ्या कारखान्याची व्याख्या दहा कामगारांवरून वीसवर गेल्याने लहान उद्योग कारखान्यांच्या विशेष नियमांतून सुटले. निरीक्षक आता ‘निरीक्षक तथा सुविधाकर्ता’ झाला आहे. सुविधा कोणाला, हे त्याच्या भेटीची वेळ ठरवील. सकाळी अकरा वाजता येणाऱ्याला चालू यंत्र दिसते, धुणारा माणूस दिसत नाही.

गोवा सरकारच्या हाती मात्र दोन गोष्टी आहेत. बांधकाम खर्चावरील एक टक्का उपकर कामगारांच्या कल्याणासाठीच गोळा होतो. त्यातून यंत्रचालकांचे हिंदी, कन्नड आणि मराठीतून प्रशिक्षण घेता येईल. त्याहून सोपी गोष्ट सार्वजनिक बांधकाम खात्याच्या निविदांत करता येते. यंत्राने गिलावा होणार असेल तर रोजच्या धुलाईचा वेळ मजुरीसह स्वतंत्र बाब म्हणून दाखवावा, आणि दाब उतरविल्याची, वीज तोडल्याची नोंद कोणाच्या सहीने होईल ते नाव कंत्राटदाराने काम सुरू होण्यापूर्वी लिहून द्यावे.