आधी कोणाला तपासायचे?

मुरुम परिसरातील गंभीर रुग्णाला अनेकदा सोलापूर गाठावे लागते. त्याच सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकासोबत युद्धग्रस्त चीनला गेले. तेथील भाषा शिकले, आघाडीजवळ जखमींवर शस्त्रक्रिया केल्या, १९४१ मध्ये बेथ्यून रुग्णालयाचे प्रमुख झाले. ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या ३२ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

युद्धभूमीवरील वैद्यकाचा साधा नियम आहे: ज्याचा जीव जास्त धोक्यात, त्याच्यावर आधी उपचार. तेथे हुद्दा पाहायचा नसतो. अपघातात ओरडणाऱ्यापेक्षा निपचित पडलेला जखमी अधिक गंभीर असू शकतो. ग्रामीण रुग्णालयात हा क्रम ओळखीच्या फोनने मोडू न देणे, हीच प्रमुखाची कसोटी. आणि तसा फोन न करणे, ही आपली.