एक आकार, दोन क्रमांक

मंगोलियात १ जानेवारी २०२५ पासून सरकारी कागदपत्रे सिरिलिकबरोबरच जुन्या, उभ्या मोंगोल लिपीतही लिहिण्याचा कायदा अमलात आला आहे. १९४० च्या दशकात बाजूस सारलेली लिपी कचेरीत परत येते, ही परमुलखात पिढ्यान्‌पिढ्या मातृभाषा जपणाऱ्या आपल्यासारख्यांना आनंदाचीच वार्ता होय. परंतु ज्या संगणकावर ही कागदपत्रे लिहिली जाणार, त्याच्या पोटात या लिपीची लावून ठेवलेली व्यवस्था सदोष आहे, आणि दोष मात्र लिपीच्या माथी मारला जातो. आमचा आक्षेप यालाच आहे.

संगणक अक्षर ओळखतो तो क्रमांकाने. जगातील लिप्यांना हे क्रमांक युनिकोड ही संस्था देते. मोंगोल लिपीला ते १९९९ मध्ये मिळाले. या लिपीत ‘ओ’ आणि ‘उ’ यांचा आकार एकच. शब्दाच्या आरंभी, मध्ये वा अंती, कोठेही फरक नाही. उच्चार वाचणारा संदर्भाने ठरवतो, शतकानुशतके ठरवत आला आहे. युनिकोडने मात्र डोळ्याचे न ऐकता कानाचे ऐकले आणि एका आकाराला दोन क्रमांक दिले. ‘मोंगोल’ हाच शब्द घ्या. त्यात हा आकार दोनदा येतो. म्हणजे तो शब्द चार रीतींनी टंकित करता येतो, आणि पडद्यावर चारही वेळा हुबेहूब तसाच दिसतो. टंकणाऱ्याला चूक दिसत नाही, तपासणाऱ्यालाही नाही. साधा शोध घेतला की चारांतला एकच हाती लागतो! ‘त’ आणि ‘द’ यांचीही पुष्कळ ठिकाणी हीच गत. आयुष्य सरकारी दप्तरात गेल्याने आम्हांस याचे गांभीर्य चटकन उमगते. एकाच प्रकरणाच्या चार नस्त्या चार कपाटांत, आणि अर्जदाराला उत्तर काय, तर ‘नोंद आढळत नाही’.

समर्थक म्हणतात, उच्चार नोंदला म्हणजे कोशातील क्रम लावणे, सिरिलिकमध्ये लिप्यंतर करणे सोपे जाते. जाते खरे. पण त्यासाठी लिहिणाऱ्याला प्रत्येक शब्दाचा प्रमाण उच्चार ठाऊक हवा, आणि पोथीची नक्कल करणाऱ्याने पोथी जेथे मौन आहे तेथेही निवाडा द्यायला हवा. डॉ. लोकेशचंद्र यांनी १९७३ ते १९७९ या काळात मोंगोल कंजूरचे १०८ खंड नवी दिल्लीहून प्रसिद्ध केले. ती छायाप्रत असल्याने मुळात जे आहे तेच तीत दिसते. उद्या तो ग्रंथ कोणी टंकित करावयास बसला, तर पानोपानी त्याला पदरचे काही घालावे लागेल.

चूक सुधारावी म्हटले तर वाट बंद. एकदा दिलेला क्रमांक काढून घ्यायचा नाही, हा युनिकोडचा नियम. जुने लेख बिघडू नयेत हे त्यामागचे कारण आम्हांस मान्य आहे. म्हणूनच क्रमांक देण्यापूर्वी दहादा विचार व्हायला हवा होता. आता डागडुजी चालते. अक्षराचे रूप निवडण्यासाठी तीन अदृश्य चिन्हे होतीच, २०२१ मध्ये चौथे आले.

हे दूर देशीचे गाऱ्हाणे म्हणून सोडून देऊ नये. आपल्या ‘दुसऱ्या’ या शब्दातील रफार आजही संगणकात दोन रीतींनी लिहिला जातो. मोडीला युनिकोडमध्ये २०१४ साली स्थान मिळाले; तेथे ऱ्हस्व आणि दीर्घ इकारांना वेगवेगळे क्रमांक आहेत. मोडी लिहिणारे कारकून तो भेद सहसा पाळीत नसत. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर येथील घराण्यांची मोडी दप्तरे टंकित होऊ लागली, की एक लेखनिक ऱ्हस्व टंकेल, दुसरा दीर्घ, आणि एकाच पूर्वजाचे नाव दोन ठिकाणी विखुरले जाईल. आमचे म्हणणे इतकेच की, पहिले पान टंकित होण्यापूर्वी भेद न दाखवणाऱ्या इकारासाठी कोणता क्रमांक वापरायचा हे या केंद्रांतील मंडळांनी एकत्र बसून ठरवावे, ते प्रत्येक दप्तराच्या आरंभी लिहून ठेवावे आणि मूळ कागदाचे छायाचित्र सोबत जोडावे.